नळी कुठे जाते?

मंडळी, आपल्या मराठीत एक जुना वाक्प्रचार आहे: वेड पांघरून पेडगावला जाणे. सगळे कळत असून काहीच कळत नसल्याचे सोंग आणायचे आणि आपला कार्यभाग साधून घ्यायचा, असा त्याचा अर्थ. तो ज्या पेडगावावरून पडला असे सांगतात, ते भीमेकाठचे, श्रीगोंदे तालुक्यातले, बहादूरगडाचे पेडगाव. आपले पेडगाव वेगळे. ते परभणी तालुक्यातले, मनमाडकडून परभणीला येणाऱ्या लोहमार्गावरचे. तेव्हा त्या वाक्प्रचाराचे पाप आपल्या पेडगावकरांच्या माथी मारण्याचे काही कारण नाही. पण खरे सांगू का? एका बाबतीत आपण सारेच, मग पेडगावचे असू, परभणीचे असू की पुण्यामुंबईचे असू, रोज सकाळी वेड पांघरतो. संडासात पाणी ओततो, दार लावून घेतो आणि पुढे त्याचे काय होते हे आपल्याला ठाऊकच नाही असे समजून न्याहारीला बसतो. आज आपण त्या ‘पुढे काय’चा थोडा इतिहास पाहू.

असे एखादे घर डोळ्यांसमोर आणा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी बांधलेला संडास आहे. घरातल्या आजींचे गुडघे आता साथ देत नाहीत. त्यांना उकिडवे बसवत नाही. मुलगा म्हणतो, जुने भांडे काढू आणि कमोड बसवू. विचार चांगलाच आहे. गवंडी येतो, भांड्याचा रंग ठरतो, फरशी ठरते, टाकी ठरते. दोन दिवसांत काम उरकते. मात्र या साऱ्या बोलण्यात एक प्रश्न कोणी विचारीत नाही. भांड्याखालची जुनी नळी कुठे जाते? खड्ड्यात जाते, टाकीत जाते, की भिंतीपलीकडच्या नालीत? नवे भांडे त्या जुन्या नळीला मानवेल का?

हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. तो न विचारल्यामुळे जगातल्या एका मोठ्या राजधानीवर काय प्रसंग गुदरला, ते आधी ऐका.

१७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या लंडनमधल्या एका घड्याळजीने संडासाच्या नळीला वाक देऊन तिचे पेटंट घेतले. युक्ती अगदी साधी. वाकडी केलेली नळी खालच्या बाजूला थोडे पाणी धरून ठेवते. मैला त्या पाण्यातून पुढे निघून जातो. पण नळीतली घाण हवा पाण्यापलीकडेच अडते, घरात शिरत नाही. आज तुमच्या-आमच्या प्रत्येक भांड्याखाली हाच वाक आहे. पाण्याचे ते झाकण म्हणजे संडासाचा खरा दरवाजा. लाकडाचे दार उघडे राहिले तर लाज जाते, पाण्याचे उघडे राहिले तर आरोग्य जाते.

पुढे लंडनच्या घराघरांतून अशी नवी भांडी बसली. घरे स्वच्छ झाली, वास गेला, लोक खूश झाले. पण भांडी नवी आणि नळ्या जुन्याच! कोणाची नळी घराखालच्या जुन्या मैलाखड्ड्यात जाई. ते खड्डे भराभर पाण्याने भरून वाहू लागले. मग नळ्या गटारांना जोडल्या. ती गटारे मुळात पावसाच्या पाण्यासाठी होती. १८१५ पर्यंत त्यांत घरातला मैला सोडायला मनाई होती. १८४८ च्या सुमारास उलट घरे गटारांना जोडण्याचीच सक्ती झाली. गटारे जात होती थेम्स नदीत, आणि त्याच नदीचे पाणी शहरातले कितीतरी लोक पीत होते. परिणाम काय झाला असेल ते सांगायला नको. पटकीच्या साथींत हजारो माणसे मेली. १८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी एका वस्तीतल्या मेलेल्या माणसांची घरे नकाशावर मांडली आणि त्यांतली बहुतेक एका हातपंपाभोवती गोळा झाल्याचे दाखवून दिले. पटकी हवेतून येत नसून पाण्यातून येते, हे त्यांचे म्हणणे. १८५८ च्या उन्हाळ्यात तर नदीला अशी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या औषधी पाण्यात भिजवावे लागले. तेव्हा कुठे राज्यकर्त्यांचे डोळे उघडले, आणि जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याच्या देखरेखीखाली शहराखाली नवी गटारे बांधण्यात आली. १८६६ साली लंडनमध्ये पटकी पुन्हा आली, ती मुख्यतः जिथे नवे काम पुरे व्हायचे होते त्या पूर्व भागात.

लंडनने भांडे आधी बदलले आणि नळीचा विचार मागाहून केला. त्याची किंमत अशी मोजावी लागली.

आता तुम्ही म्हणाल, ही तर परमुलखाची गोष्ट. आपल्याकडे काय होते? आपल्याकडे चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी मोहेंजोदडोला विटांच्या झाकलेल्या मोऱ्या होत्या, हे शिक्षक मंडळी मुलांना शिकवतातच. पण त्या अभिमानाच्या गोष्टीनंतर एक लाजेची गोष्टही मुलांना सांगायला हवी. खेड्यात आपण डबा घेऊन गोदरीला जात होतो. शहरांत मात्र जागा नव्हती. तिथे टोपलीचे संडास आले. वर दोन पायांच्या जागा, खाली टोपली किंवा डबा, आणि मागच्या बाजूला एक छोटे दार. त्या दाराने एक माणूस, बहुधा एक बाई, यायची, टोपली उपसायची आणि मैला डोक्यावरून वाहून न्यायची. घरातल्यांना तिचे तोंडही दिसत नसे. लंडनमध्ये नळी चुकीच्या जागी गेली. आपल्याकडे नळी नव्हतीच, म्हणून आपण माणसाला नळी केले. आणि ते काम जन्माने काही ठरावीक जातींच्या माथी मारून ठेवले.

या अन्यायाविरुद्ध महाराष्ट्रात ज्यांनी हातात झाडू घेतला त्यांत कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन यांचे नाव आवर्जून घ्यायला हवे. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात राजबंदी होते. मैला साफ करण्याचे काम आपल्याला द्यावे, अशी त्यांनी मागणी केली. सवर्ण कैद्याला ते काम देता येणार नाही, असे तुरुंगाचे म्हणणे पडले. अप्पासाहेबांनी त्यासाठी अन्न सोडायची तयारी केली आणि डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास आरंभला. लोक तुरुंगात जातात ते चांगले अन्न मागतात, पुस्तके मागतात. हा माणूस मैला उचलायला मागत होता. कारण जे काम मी करायला लाजतो ते मी दुसऱ्याकडून करवून घेणे हेच पाप, असे त्यांना वाटत होते.

पण नुसता झाडू हातात घेऊन हा प्रश्न सुटत नाही, हेही अप्पासाहेबांनी ओळखले. संडासाची बांधणीच बदलायला हवी. १९४८ साली त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. तिथे जो संडास त्यांनी प्रचारात आणला तो ‘गोपुरी संडास’ म्हणून ओळखला जातो. त्यात शेजारी शेजारी दोन कप्पे असत. एक वापरात, दुसरा बंद. मैल्यावर माती आणि पाचोळा पडे. बंद कप्प्यातल्या मैल्याचे सावकाश खत होई आणि ते उपसायला कोणाच्याही जातीची गरज पडत नसे. घरमालक आपल्या हाताने ते शेतात टाकी. दोन कप्पे आणि मध्ये विसाव्याचा काळ, ही कल्पना ध्यानात ठेवा. पुढे ती पुन्हा येणार आहे.

सरकारी पातळीवरही हालचाल सुरू झाली होती. मुंबई राज्याने १९४९ साली बर्वे समिती नेमली. सफाई कामगार कसे राहतात, कसे काम करतात याची तिने पाहणी केली आणि १९५२ साली अहवाल दिला. १९५७ साली केंद्राने मलकानी समिती नेमली. तिचा अहवाल १९६० साली आला. पण अहवाल झाले म्हणून टोपल्या गेल्या नाहीत. टोपलीच्या संडासांना बंदी करणारा कायदा व्हायला १९९३ साल उजाडावे लागले, आणि तो अधिक कडक व्हायला २०१३.

दरम्यान दुसरे एक काम चालू होते. ते भांड्याचे आणि खड्ड्याचे. शहरी भांड्याला पाणी फार लागते. खेड्यात बाईमाणसाला पाणी डोक्यावरून आणावे लागते. मग कमी पाण्यात काम कसे भागेल? १९५० नंतरच्या दशकात आपल्या देशातल्या संशोधकांनी यावर प्रयोग केले. भांड्याचा उतार अधिक तीव्र केला. वाकातल्या पाण्याचे झाकण शहरी भांड्यात ५० मिलिमीटरच्या आसपास असते, ते २० मिलिमीटरवर आणले. एवढ्याने दीड-दोन लिटर पाण्यात, म्हणजे एका मोठ्या तांब्यात, भांडे साफ होऊ लागले. खड्ड्याचे वीटकाम जाळीदार केले, म्हणजे पाणी जमिनीत मुरावे. पुढे एकाऐवजी दोन खड्डे आले. मध्ये एक छोटे चेंबर. त्यातून नळी एकदा या खड्ड्याकडे, एकदा त्या खड्ड्याकडे वळवायची. १९७० साली बिहारमध्ये बिंदेश्वर पाठक यांनी सुलभ ही संस्था काढली आणि दोन खड्ड्यांचा संडास देशभर पोचवला. गोपुरीच्या दोन कप्प्यांशी याचे नाते तुम्ही ओळखले असेलच.

आपल्या महाराष्ट्रात या कामाची खरी परीक्षा झाली ती तुकोबांच्या देहूत. १९५९ साली तिथल्या आरोग्य केंद्रात डॉ. एस. व्ही. मापुसकर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. दवाखान्यात येणारे निम्मे रोग गोदरीतून येतात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी गावात संडास बांधवले. पण पावसाळ्यात ते खचले आणि लोकांचा विश्वास उडाला. दुसरा कोणी असता तर ‘लोकांना नकोच आहे’ असे म्हणून बदली मागता. डॉक्टरांनी मात्र दोष लोकांना दिला नाही. जमिनीखालच्या कामाला दिला. वरचे भांडे ठीक होते, खालचा खड्डा त्या जमिनीला आणि त्या पावसाला धरून नव्हता. ते पुन्हा शिकले, अप्पासाहेबांच्या कामाशी जोडले गेले, आणि मैल्यापासून गॅस देणाऱ्या ‘मलप्रभा’ संयंत्राचा त्यांनी प्रसार केला. मैल्याचा वायू कामी लावण्याचा प्रयोग मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ सालीच झालेला होता. डॉक्टरांनी तो खेड्यातल्या घरापर्यंत आणला. आयुष्याची कितीतरी वर्षे त्यांनी देहूत आणि या एकाच कामात घातली. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, मग मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. आपल्या खेड्यांत घरोघरी संडास आले ते फार उशिरा. गाडगेबाबा १९५६ साली गेले. जन्मभर हातात खराटा घेऊन ते गावे झाडत हिंडले. त्यांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान राज्यात सुरू झाले ते २००० साली. मग २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान आले आणि पाच वर्षांत देशभर संडासांचे पेवच फुटले. गोदरीची वाट मोडली, आयाबायांची अंधारातली पायपीट वाचली. ही मोठीच गोष्ट झाली.

परंतु घाईत पुष्कळ ठिकाणी जमिनीखालचे काम मागे राहिले. कुठे दोनऐवजी एकच खड्डा, कुठे तळ सिमेंटने बंद केलेली टाकी आणि तिचे पाणी सरळ नालीत. टाकी भरली की ती उपसायला कोणाला तरी बोलवायचे. म्हणजे जी टोपली आपण मोठ्या कष्टाने हद्दपार केली, ती मागच्या दाराने परत आली! आपल्याच जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा शिवारात, मे २०२३ मध्ये सेप्टिक टाकी साफ करताना पाच मजूर गुदमरून मेले. टाकीत साठलेला वायू डोळ्यांना दिसत नाही. एक माणूस खाली पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि असे एकामागून एक बळी जातात. कोणत्याही संरक्षक साधनाविना माणसाला सेप्टिक टाकीत उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारे साफ करताना मरण पावणाऱ्याच्या घरच्यांना तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असे सांगितले. पण कायदा आपल्या घरामागे येऊन झाकण उचलून पाहत नाही. ते आपल्यालाच पाहिले पाहिजे.

तर आता त्या आजींच्या कमोडकडे परत येऊ. कमोड जरूर बसवा. फक्त भांडे विकत घेण्याआधी मागे जाऊन चेंबरचे झाकण उघडा आणि घरात एक बादली पाणी ओतायला सांगा. पाणी कुठून येते, कुठे जाते, नीट पाहा. मात्र झाकण उघडल्यावर आत वाकू नका, आणि विडी-काडी जवळ नेऊ नका.

एक खड्डा असेल तर हीच संधी साधून दुसरा खणा आणि मध्ये चेंबर बांधा. आपली जमीन काळी, चिकण. तिच्यात पाणी सावकाश मुरते. म्हणून खड्ड्याच्या वीटकामाबाहेर चहूकडून फूटभर वाळू किंवा बारीक खडी भरावी. विहीर किंवा हातपंप किमान दहा मीटर, जमले तर पंधरा मीटर दूर असावा. खड्ड्याचा तळ सिमेंटने बंद करू नये. न्हाणीचे आणि पावसाचे पाणी त्यात सोडू नये.

आता पाण्याचा हिशेब करू. शिक्षक मंडळींनी तो वर्गात फळ्यावर मांडावा. घरात सहा माणसे. लहानमोठे मिळून प्रत्येकी दिवसाला चार वेळा, म्हणजे चोवीस वेळा. जुन्या खेडवळ भांड्यात दर वेळी दोन लिटर, म्हणजे अठ्ठेचाळीस लिटर. कमोडच्या टाकीने दर वेळी सहा लिटर सोडले तर एकशे चव्वेचाळीस. जुन्या पद्धतीची दहा लिटरची टाकी असेल तर दोनशे चाळीस! खड्डा तोच, जमीन तीच, पाणी तिप्पट-पाचपट. मग खड्डा सहा महिन्यांत तुंबला तर दोष कोणाचा? म्हणून लहान आणि मोठ्या पाण्याची दोन बटणे असलेली टाकी घ्यावी, किंवा टाकी न लावता तांब्याने पाणी ओतावे, आणि खड्डे त्या मानाने मोठे करावेत.

जुने भांडे फोडताना नळीचे तोंड आधी गोणपाटाने घट्ट बुजवा. सिमेंटचा राडा आत गेला तर नळी कायमची चोंदते. नव्या भांड्याची नळी जमिनीतून खाली उतरते की भिंतीतून मागे जाते, आणि तुमची जुनी नळी कुठे आहे, हे मापून मगच भांडे निवडा. भांड्याखालचा वाक कोणी ‘तुंबतो’ म्हणून काढायला सांगेल, तर मुळीच ऐकू नका. सेप्टिक टाकी असेल तर तिचे बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यात न्या. ते दिसायला साफ असले तरी त्यात रोगजंतू असतात. आणि टाकी उपसायची वेळ आली की माणूस नव्हे, यंत्राची गाडी बोलवा. दोन खड्ड्यांचे तर याहून सोपे. पहिला भरला की नळी दुसऱ्याकडे वळवायची आणि पहिल्याला पुरती दोन वर्षे विसावा द्यायचा. मग आत राहते ते मातीसारखे खत. ते तुम्ही स्वतःच्या हाताने काढू शकता, आणि स्वतःच काढावे.

शेवटी पेडगावच्या रुळांकडे एकदा पाहू. या रुळांवरून जाणाऱ्या गाड्यांच्या संडासांची नळी कित्येक वर्षे डब्याखाली उघडीच होती. मैला रुळांवर पडे आणि मोठ्या स्टेशनांत तो माणसे झाडूने काढीत. मग रेल्वेने डब्यांखाली मैला पचवणाऱ्या जंतूंच्या टाक्या बसवायला घेतल्या, आणि २०२० च्या सुमारास बहुतेक प्रवासी डब्यांत त्या बसल्या. डब्यातले भांडे पुष्कळदा जुनेच राहिले. बदलला तो नळीचा शेवट, आणि रूळ निवळले.

गुरुजी, बाईसाहेब, तुम्ही एक करा. मुलांना एक नकाशा काढायला सांगा: आपल्या घरातल्या संडासाच्या भांड्यापासून निघून नळी जिथे संपते तिथपर्यंत. ज्याच्या नकाशात नळी खड्ड्यात संपेल त्याला शाबासकी द्या. ज्याची नालीत संपेल त्याला रागावू नका. तो नकाशा घरी नेऊन वडिलांना दाखवायला सांगा. आणि ज्याला नळी कुठे जाते हेच सापडणार नाही, त्याच्या घरी तर आधी जा. चेंबरचे झाकण उघडायचे काम वडीलधाऱ्यांनी करायचे, मुलांनी नव्हे. मुलांनी फक्त विचारायचे. वडिलांनी विषय टाळला, तर त्यांना वेड पांघरू देऊ नका.